घरी राहणे : गंगाखेडच्या जनीच्या निमित्ताने

घरात राहा, कार्यमग्न राहा आणि मन सकारात्मक ठेवा, हा उपदेश २०२० च्या मार्च महिन्यापासून पुढे कितीतरी दिवस आपल्या सर्वांच्या कानांवर पडत होता. २२ मार्चची जनता संचारबंदी, दुसऱ्या दिवशी राज्यातली संचारबंदी आणि २५ मार्चपासून देशभर एकवीस दिवसांची टाळेबंदी, अशा पायऱ्यांनी घराचे दार लागत गेले. दार लागताच याद्या सुरू झाल्या. पहाटे उठावे, योगासने करावीत, राहून गेलेली पुस्तके वाचावीत, माळा आवरावा, एखादा नवा पदार्थ करून पाहावा, छंद जोपासावा. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून आणि मोबाइलवरच्या संदेशांतून आलेल्या या याद्या ज्यांनी साठवून ठेवल्या असतील, त्यांच्यापाशी आज सामाजिक इतिहासाचे एक चांगले साधन आहे. त्या याद्या कोणी कोणासाठी लिहिल्या होत्या, हे त्यांवरून फार लवकर कळते. ज्याला घर आहे, घरात एकाहून अधिक खोल्या आहेत, महिनाअखेर पगार येणार आहे आणि ज्याचा स्वयंपाक दुसरे कोणी तरी करीत आहे, अशा माणसाला त्या उद्देशून होत्या.

आम्ही मराठीच्या अध्यापनात आयुष्य घालविलेली माणसे. त्यामुळे आमचे लक्ष आधी शब्दांकडे गेले. ‘टाळेबंदी’ हा शब्द आम्ही ऐकला होता तो गिरण्या आणि कारखान्यांच्या बातम्यांत. मालक दाराला टाळे लावी आणि कामगार बाहेर राही. २०२० मध्ये तोच शब्द उलटा झाला. टाळे बाहेरून लागले आणि माणसे आत राहिली. ‘पॉझिटिव्ह’ या शब्दाची गत तर त्याहून विचित्र. तपासणीच्या कागदावर तो आला की घर हादरे आणि उपदेशाच्या संदेशात त्याचेच मराठी रूप आले की धीर यावा अशी अपेक्षा असे. असो.

त्याहून जुना आणि अधिक बोलका शब्द म्हणजे ‘घरकोंबडा’. त्याचा सोबती ‘घरबशा’. घरी राहणे हा पुरुषाचा दोष मानणारे हे शब्द आपल्या भाषेत पूर्वीपासून आहेत. घरात राहणाऱ्या बाईसाठी मात्र मराठीत असा निंदेचा शब्द रुळला नाही. तिच्या बाबतीत ती नोंद घेण्याजोगी गोष्टच नव्हती. तिची निंदा झाली ती ती उंबऱ्याबाहेर पडली तेव्हा. म्हणजे ‘घरी राहण्याचा इतिहास’ लिहावयाचा झाला, तर त्यातला पुरुषांचा भाग हा अपवादांचा इतिहास होईल आणि स्त्रियांचा भाग नियमाचा. आपल्या वाङ्मयेतिहासाने मात्र अपवादच तेवढे नोंदविले, असे आम्हांस वाटते. प्रस्तुत लेख त्या नियमाविषयी आहे, आणि त्याचे निमित्त परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची एक बाई आहे.

परंतु तिच्याकडे वळण्यापूर्वी साथीच्या रोगाची आणि घराची जी जोडी २०२० मध्ये आपण गृहीत धरली, ती किती अलीकडची आहे हे पाहावयास हवे. महाराष्ट्र शासनाने २०२० च्या मार्चमध्ये ज्या कायद्याचा आधार घेतला तो १८९७ चा साथरोग कायदा प्लेगच्या काळातला. १८९६ मध्ये मुंबईत आणि पुढल्या वर्षी पुण्यात पोचलेल्या त्या प्लेगने लोकांना घरात बसविले नाही. त्याने त्यांना घराबाहेर काढले. उंदीर घरात मरून पडत. घर हीच धोक्याची जागा होती. म्हणून गाव ओस पडे आणि माणसे शिवारात, माळावर झोपड्या बांधून राहत. निजामाच्या राज्यातही प्लेग पोचला. ‘प्लेगात गाव उठले’ हा वाक्प्रयोग आमच्या लहानपणी म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात सहज येत असे. पुण्यात सक्तीने घरे तपासणाऱ्या सोजिरांविरुद्ध जो संताप उसळला, त्याचा शेवट २२ जून १८९७ रोजी रँडवरील गोळीबारात झाला, हे सर्वश्रुत आहे. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. त्या घरी थांबल्या नव्हत्या. मुलगा यशवंत यांच्या गावाबाहेरच्या दवाखान्यात रुग्ण पोचविण्याचे काम करताना त्यांना संसर्ग झाला. सांगावयाचे इतकेच, की साथ आली म्हणजे घरात शिरून दार लावून घ्यावे, हा अनुभव आमच्या सामूहिक स्मृतीत जवळजवळ नव्हता. त्याची भाषाही नव्हती. मग ती कोठून घ्यावयाची?

सुशिक्षितांनी ती तुरुंगातून घेतली. टाळेबंदीच्या पहिल्याच महिन्यात अनेक ठिकाणी मंडालेचा दाखला दिला जाऊ लागला. बंदिवासातही माणूस किती काम करू शकतो, याचे उदाहरण म्हणून टिळक, विनोबा आणि साने गुरुजी ही नावे पुढे आली. दाखले खोटे नव्हते. १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला गेलेल्या टिळकांनी १९१०-११ च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्या’चा मसुदा शिसपेन्सिलीने लिहून काढला, ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला. विनोबांची गीतेवरील अठरा प्रवचने धुळ्याच्या तुरुंगात १९३२ च्या फेब्रुवारी ते जूनमध्ये दर रविवारी झाली आणि ती साने गुरुजींनी उतरून घेतली. पुढल्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’तल्या बहुतेक रात्री गुरुजींनी ९ ते १३ फेब्रुवारी अशा पाच दिवसांत लिहिल्या.

हे वैभव आहे, यात शंका नाही. पण या दाखल्यांत एक फट आहे. मंडालेत टिळकांच्या स्वयंपाकासाठी एक कैदी देण्यात आला होता. हे आम्ही टिळकांना उणेपणा आणण्यासाठी सांगत नाही. मधुमेहाने पोखरलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने हजारो मैल दूर, पत्नीच्या मृत्यूची वार्ता कोठडीतच ऐकून जे केले, ते थोरच आहे. पण कोठडी आणि घर यांत जो मूलभूत फरक आहे तो येथे दिसतो. कोठडीत कोणी पाणी भरावयास सांगत नाही, मूल रडत नाही, सासऱ्यांचे औषध चुकत नाही. कोठडीने स्वातंत्र्य काढून घेतले, पण संसारही काढून घेतला. आणि विचाराला, लेखनाला जी सलग वेळ लागते ती नकळत देऊन टाकली. साने गुरुजींची गोष्ट काहीशी निराळी आहे. ते दिवसा तुरुंगातले काम करून रात्री आणि पहाटे लिहीत होते. त्यांनी लिहिले तेही आईच्या घरकामाविषयीच. पण ज्या आईविषयी लिहिले तिला स्वतःला पाच रात्री सलग कधी मिळाल्या असतील काय, हा प्रश्न ‘श्यामची आई’ शिकविताना आम्ही इतक्या वर्षांत वर्गात एकदाही विचारला नाही, हे कबूल करावयास हवे.

आमच्या परभणीपुरते बोलावयाचे तर आणखी एक नाव घ्यावे लागेल. सातोन्याला १९१३ मध्ये जन्मलेले बी. रघुनाथ निजामाच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात कारकुनी करीत होते आणि १९५३ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, कचेरीत काम करीत असतानाच गेले. ज्या राज्यात सभा भरविण्यासाठी ‘गश्ती निशाण ५३’ या फर्मानाप्रमाणे आधी परवानगी घ्यावी लागे, त्या राज्यात मराठी लेखन करणे हेही एक प्रकारे दाराआड राहून करावयाचे काम होते. कवितासंग्रह, कथा, ‘आडगावचे चौधरी’सारख्या कादंबऱ्या, एवढे सारे त्यांनी कारकुनीच्या उरल्यासुरल्या वेळात लिहिले. तो वेळ उरविणारे घरातले हात कोणते होते, हे त्यांच्यावरील आमच्या व्याख्यानांतही आलेले नाही. दोष त्यांचा नव्हे, आमच्या वाचनाचा.

आता गंगाखेड. परभणीहून दक्षिणेस निघाले की गोदावरी ओलांडून या गावात शिरावे लागते. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे मोठ्या तोऱ्याने म्हणणारे आम्ही लोक गंगाखेडविषयी मात्र तितक्या मोठ्याने बोलत नाही. वास्तविक बोलावयास हवे ते तिच्याविषयी. परंपरा सांगते की दमा आणि करुंड या दांपत्याची ही मुलगी लहानपणीच पंढरपूरला दामाशेटींच्या, म्हणजे नामदेवांच्या वडिलांच्या, घरी आली आणि तेथे दासी म्हणून राहिली. जन्मवर्ष ठाऊक नाही. समाधीचे वर्ष परंपरेने १३५० मानले आहे. तिच्या नावावरचे सुमारे साडेतीनशे अभंग नामदेवांच्या गाथेत आहेत, आणि त्यांतले तिचे कोणते व नंतरच्यांनी तिच्या नावाने रचलेले कोणते, हा वाद मिटण्यासारखा नाही. आमच्या मुद्द्याला त्याने बाध येत नाही. ते अभंग एका बाईचे असोत वा ‘दासी जनी’ या मुद्रेआड उभ्या राहिलेल्या अनेकींचे, त्यांतले घर एकच आहे.

आणि ते तिचे नाही. येथून सुरुवात करावयास हवी. जनाबाईला आपण घरकामाची संतकवयित्री म्हणतो, पण तिला घर नव्हते. होते ते दुसऱ्याचे घर. एका अभंगात ती नामदेवांच्या कुटुंबातल्या सासू-सुना, मुलगे, लेकी, बहिणी यांची नावे घेत जाते आणि यादीच्या शेवटी स्वतःला दासी म्हणून मांडते. आम्हांला तो अभंग एरवी कोरडा वाटे. टाळेबंदीच्या काळात तो पुन्हा वाचताना लक्षात आले की एका छपराखाली कोंडल्या गेलेल्या माणसांची ती गणती आहे, आणि गणती करणारीच्या वाट्याला त्या सर्वांचे दळण आहे.

दळणाविषयी थोडे सविस्तर लिहितो. ज्या विद्यार्थ्यांनी जाते केवळ शोभेसाठी ठेवलेले पाहिले आहे त्यांना हा मुद्दा नुसत्या अभंगावरून कळत नाही. खालची तळी स्थिर, वरची पाळ फिरती, पाळीला खुंटा, मधल्या तोंडातून मुठीमुठीने धान्य सोडावयाचे, त्याला वैरण घालणे म्हणतात. आमच्या भागात ते धान्य प्रामुख्याने ज्वारीचे. दहा-पंधरा माणसांचे पीठ म्हणजे पहाटेच्या अंधारात सुरू करून उजाडेपर्यंतचे काम. एकटीने जाते ओढले तर एका हाताने खुंटा आणि दुसऱ्या हाताने वैरण, अशी ओढाताण होते, खांदा भरून येतो. म्हणून शक्य तेथे दोघी समोरासमोर बसत. एकाच खुंट्याला दोघींचे हात लागले की भार निम्मा होतो, लय लागते, आणि लय लागली की ओवी येते. एकीने पहिला चरण टाकावा, दुसरीने उचलावा. जात्याची रचनाच जोडीची आहे.

हे ध्यानात ठेवून जनाबाईचे दळणाचे अभंग वाचावेत. तिच्याबरोबर विठ्ठल दळू लागतो. ती झाडलोट करते तेव्हा केर तो भरतो आणि पाटी डोक्यावर घेऊन दूर टाकून येतो. तो पाणी भरतो, धुणे धुतो, तिचे केस विंचरतो, उवा काढतो. याला आपण भक्तीचा चमत्कार म्हणतो, भगवंताचे भक्तवात्सल्य म्हणतो, आणि परीक्षेत त्यावर टिपा लिहून घेतो. आमचे म्हणणे इतकेच की हे चमत्कार फार नेमके आहेत. देव तिला धन देत नाही, राजवाडा देत नाही, दळणातून सुटकाही देत नाही. तो समोरची रिकामी जागा भरतो. ज्या घरात सासू-सुना दोघी-दोघींनी जात्यावर बसू शकत होत्या, त्या घरात दासीसमोर बसावयास कोणी नव्हते. जनाबाईच्या काव्यातला विठ्ठल हा सर्वप्रथम तिची जात्यावरची जोडीदारीण आहे. ती त्याला ‘विठाबाई’ म्हणते ते काही उगीच नव्हे.

२०२० च्या याद्यांशी याची तुलना करून पाहावी. त्या याद्या म्हणत होत्या, स्वतःला गुंतवून ठेवा. जनाबाईला गुंतवून घेण्याची गरजच नव्हती, ती बुडेपर्यंत गुंतलेली होती. तिला उणीव होती ती खुंट्याला लागणाऱ्या दुसऱ्या हाताची. टाळेबंदीतल्या घरांतही बहुसंख्य बायकांची उणीव तीच होती, असे म्हणावयास आधार आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये केलेल्या वेळवापर पाहणीचा अहवाल योगायोगाने २०२० च्या सप्टेंबरात प्रसिद्ध झाला. त्यात विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो, पुरुषांचा ९७ मिनिटे. आणि असे काम करणाऱ्यांचे प्रमाण स्त्रियांत शंभरांत एक्याऐंशी, तर पुरुषांत सव्वीस, असे नोंदले आहे. ही टाळेबंदीपूर्वीची स्थिती. पुढे शाळा, कचेऱ्या, खाणावळी बंद झाल्या आणि सारी माणसे दिवसभर घरात जेवू लागली, तेव्हा त्या २९९ मिनिटांचे काय झाले असेल, ते वाचकांनी आपापल्या घरावरून ताडावे.

जनाबाईविषयीच्या आपल्या अध्यापनातली दुसरी चूक याहून मोठी आहे. आपण तिला सोशिक, समाधानी, कामात राम पाहणारी अशी शिकवितो. म्हणजे आजच्या भाषेत सकारात्मक. गाथा उघडी ठेवून वाचणाऱ्याला हे चित्र टिकणार नाही. एका अभंगात ती विठ्ठलाला कारटे म्हणते, तू मेलास म्हणते, तुझी बायको रंडकी झाली म्हणते. शिष्ट वाचकाने कान झाकून घ्यावेत अशी ती भाषा आहे. आणि ती कोठे उभी राहून बोलते? अंगणात. जात्यावर बसलेली ही नव्हे. ही उठून उंबरा ओलांडून अंगणात उभी राहिलेली बाई आहे आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात शिव्या देते आहे. निरूपणकारांनी त्याला ‘प्रेमकलह’ हे गोंडस नाव देऊन ठेवले. प्रेम त्यात आहेच. पण राबण्याचा वीट, एकटेपणाचा त्रागा आणि ज्याने सोबत करावयाची तोच वेळेला नसल्याचा राग, हेही त्यात आहे, आणि ते काढून टाकले तर अभंगात काही उरत नाही.

तिसरा अभंग सर्वांना ठाऊक आहे. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला तरी भर बाजारात जाईन, हाती टाळ आणि खांद्यावर वीणा घेईन, कोण आडवे येते पाहू, असा त्याचा आशय. अखेरीस ती केशवाला उद्देशून आपण त्याच्या घरची वेसवा झालो असे म्हणते. चौदाव्या शतकातल्या एका दासीच्या तोंडी हे शब्द आहेत, हे क्षणभर थांबून मनात आणावे.

जाते, अंगण, बाजार. हा क्रम आम्ही लावलेला आहे. गाथेत तो तसा नाही, आणि जनाबाईच्या आयुष्यातही तो तसा घडला असेल असे म्हणण्यास आधार नाही. कदाचित सकाळी जाते, दुपारी अंगण आणि मनातल्या मनात बाजार, असे रोजच घडत असेल. पण तीन जागा तिच्या काव्यात आहेत हे निश्चित, आणि आपण पाठ्यपुस्तकांतून वर्षानुवर्षे घेतली ती मुख्यतः पहिली. घरी राहणे सुसह्य कसे करावे याचा धडा जनाबाईपासून घ्यावयाचा असेल तर उरलेल्या दोन जागांसह घ्यावा लागेल.

जनाबाईनंतर हा आवाज बंद झाला नाही. तो लिहिला गेला नाही इतकेच. हेमा रायरकर आणि गी पॉइतवँ यांनी पुण्याहून गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या; शेकडो गावांतून आलेल्या त्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. १९९० च्या दशकात बर्नार बेल यांच्यासह त्यांचे ध्वनिमुद्रणही झाले आणि २०१७ पासून ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या जगासमोर आणल्या. त्यात आमच्या जिल्ह्यातले ताडकळस आहे. तेथून मिळालेल्या ओव्यांत सीतेचा वनवास आहे. रानात एकटी रडणाऱ्या सीतेची समजूत बोरी आणि बाभळी घालतात. वाल्मीकीच्या वनात कोणते वृक्ष होते ते असो, परभणीच्या शिवारात बांधावर उभ्या असतात त्या बोरी आणि बाभळीच. घराबाहेर काढलेल्या बाईची कथा घरात कोंडलेल्या बाया जात्यावर बसून गातात, आणि समजूत घालावयास काट्यांची झाडे येतात. पुन्हा तेच. माणूस नाही म्हणून समोर दुसरे कोणी तरी बसविणे.

‘घरात राहा’ म्हणताना ज्यांचे घरच वाटेत होते त्यांच्याविषयी चार ओळी तरी लिहिल्या पाहिजेत. गंगाखेड, सोनपेठ, पालम, जिंतूर या तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडणीला जोडपी जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. त्यांचे घर म्हणजे कारखान्याच्या आवारातली वा फडाजवळची कोपी. मार्च २०२० मध्ये हंगाम संपत आला असता ती तेथेच अडकली. घरात राहा हा आदेश कोपीला कसा लागू करावयाचा, हे कोणाला सांगता आले नाही. एप्रिलच्या मध्यानंतर राज्य शासनाने तपासणी करून लाखाहून अधिक ऊसतोड कामगारांना गावी परतण्याची मुभा दिली. आणि ८ मे २०२० च्या पहाटे, परभणीहून मुंबईकडे जाणाऱ्या याच लोहमार्गावर करमाडजवळ, जालन्याहून रुळांवरून पायी निघालेले आणि थकून रुळांवरच झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. ते मध्य प्रदेशातल्या आपल्या घरी निघाले होते. रुळांवर विखुरलेल्या भाकरींचे छायाचित्र त्या दिवशी सर्वांनी पाहिले. त्या भाकरींचे पीठ कोठे दळले होते आणि त्या कोणी थापल्या होत्या, हे आम्ही त्या दिवशी फार वेळ बोलत होतो. आणखी काही बोलता येत नव्हते म्हणून असेल.

वारीही घरी राहिली. १९६८ पासून शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी परभणी आणि गंगाखेडवरून पंढरपूरला जाते. जनाबाई ज्या वाटेने गेली असेल त्याच दिशेने. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी ती पायी निघाली नाही. आळंदी-देहूच्या पादुका २०२० मध्ये एसटी बसने नेण्यात आल्या. घरी राहण्यातले शहाणपण वारकऱ्यांनी विनातक्रार मानले. पण गंगाखेडच्या बायांसाठी पालखी म्हणजे वर्षातून एकदा पिठले-भाकरीची टोपली घेऊन रस्त्यावर, सर्वांच्या देखत, हक्काने येऊन उभे राहण्याचा दिवस. तो दोन वर्षे गेला. पुढे २०२२ मध्ये पालखी गोदावरीच्या पुलावरून पुन्हा गावात आली.

महाविद्यालये उघडल्यावर आम्ही पदवीच्या वर्गाला एक काम दिले होते. घरातल्या वृद्ध स्त्रीकडून ओव्या उतरवून आणावयाच्या. पहिल्या आठवड्यात बहुतेकांच्या वह्या कोऱ्या आल्या. आजीला आठवत नाही, असे सगळ्यांचे म्हणणे. एक विद्यार्थिनी चार दिवस उशिरा आली. तिच्या आजीनेही आठवत नाही असेच सांगितले होते. जाते असते तर आठवले असते, म्हणाली. जाते न्हाणीशेजारी धुण्याचा दगड म्हणून उपडे पडलेले होते. ते दोघींनी मिळून ओढून आणले, धुतले, खुंटा नव्हता तर मोडक्या विळ्याची मूठ ठोकली. मुलीने ओव्या लिहिण्यासाठी वही उघडली तशी आजी म्हणाली, ‘ते ठेव बाजूला, आधी समोर बस.’ वहीत एकोणीस ओव्या होत्या, अक्षर घाईचे, तळहाताला फोड आल्यामुळे शेवटच्या पाचांचे जरा तिरपे. त्यांतल्या दोन जनाबाईच्या नावाच्या होत्या, एक सासऱ्याला शिवी देणारी. ती लिहावी की नाही, असे तिने आम्हांला वर्गाबाहेर विचारले. लिही, म्हणालो.